मामांच्या कॅमेऱ्याचं चिलखत

माझे सासरे तळेगावात फोटो स्टुडिओ चालवायचे आणि मी पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होतो. टूलरूम म्हणजे कारखान्यातल्या यंत्रांना लागणारी हत्यारं आणि साचे जिथं घडवतात ती जागा. सासऱ्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, उजेड ओळखणारी आणि लोखंड घासणारी. मुलगी दुसऱ्या प्रकारात दिल्याचं त्यांना फार दुःख नव्हतं, कारण माझा पगार वेळेवर होत होता. पण लोकांना ओळख करून देताना ते "आमचे जावईबापू, इंजिनिअरिंगमध्ये आहेत," एवढंच म्हणत आणि घाईघाईनं उन्हाळ्याबद्दल बोलायला लागत.

मी त्यांना मामा म्हणायचो. मामा माझ्याहून चार बोटं उंच, अंगानं सडसडीत, आणि समोरच्या माणसाकडे एक डोळा बारीक करून बघायची सवय. कुणाशीही बोलता बोलता "हनुवटी जरा खाली घ्या" म्हणायचे. एकदा चौकशीला आलेल्या फौजदारालाही म्हणाले होते, आणि फौजदारानं घेतली होती.

त्या काळात आमच्या भागात लग्नं एकदम मोठी व्हायला लागली. ज्यांच्या जमिनी कारखान्यांत गेल्या त्यांच्या दारात टेम्पो उभे राहिले, घरं सिमेंटची झाली, आणि मुलीच्या लग्नात नुसत्या अल्बमवर भागेना. लग्नाचा 'शिणिमा' पाहिजे असं म्हणू लागले. मामांनी हे आधीच ओळखून आठ मिलिमीटरचा सिनेमा कॅमेरा घेतला होता. तीन-साडेतीन मिनिटांचं एक रीळ. ते मुंबईला जाऊन डेव्हलप होऊन यायचं, मग पडदा लावून सगळी भावकी बघायची. तळेगावपासून भोसरीपर्यंत असा माणूस मीच एकटा, असं मामा सांगत. मी खात्री करून घेतली नाही. जावयानं असल्या गोष्टींची खात्री करायची नसते.

काही वर्षं सगळं झकास चाललं. मग एका गावात शाळेच्या भिंतीवर मामांनी घेतलेलं लग्न बघायला आम्ही बसलो होतो, आणि नवरा-नवरी थरथरायला लागली. आधी वाटलं, नवरी घाबरली असेल. पण भटजी थरथरले, समया थरथरल्या, पाठीमागचा पिंपळही थरथरला. नवऱ्याची आत्या पदर तोंडाला लावून बाहेर गेली आणि तिला लिंबू द्यावं लागलं.

"वाऱ्यानं पडदा हलतोय," मामा मोठ्यानं म्हणाले.

पडदा म्हणजे शाळेची भिंत होती. पुढच्या लग्नात त्यांनी विजेला दोष दिला, त्याच्या पुढच्या लग्नात खुद्द कॅमेऱ्याला. त्यानंतर एक मोठं लग्न ठरता ठरता दुसऱ्या कुणाकडे गेलं.

त्याच सुमारास एका रविवारी मी बायकोबरोबर तळेगावला गेलो असताना मामींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. सासूबाई जावयाला स्वयंपाकघरात बोलावतात ते एक तर काहीतरी चाखायला नाहीतर काहीतरी सांगायला. ताटली दिसली नाही, तेव्हाच मी सावध झालो.

"त्यांचे हात कापतात," मामी हलक्या आवाजात म्हणाल्या. "वर्षभर झालं. बशीतून चहा पीत नाहीत, बघितलंत का? दाढी मी करून देते. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, जाणार नाही."

मी इंचाचा हजारावा भाग रोज डोळ्यांनी बघणारा माणूस. त्या भागाला आम्ही 'थाऊ' म्हणायचो. वर्षभर त्यांच्या समोर बसून मी जेवलो होतो आणि मला काही दिसलं नव्हतं. मला माझी लाज वाटली.

"वैशाखात भोसरीकडचं एक मोठं लग्न घेतलंय," मामी पुढे म्हणाल्या. "तेही असंच हललं तर कॅमेरा विकून टाकणार म्हणतात. आणि जावईबापू, तो कॅमेरा गेला की हा माणूस खुर्चीत बसेल आणि पुन्हा उठायचा नाही. मी ओळखते ना. तुम्ही काहीतरी करा. पण मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका."

मी 'करतो' म्हणालो. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि मी त्या वेळी तिशीचा होतो. त्या वयात माणसाला सगळंच करता येतं.

पहिला उपाय अर्थातच स्टँड. स्टुडिओत तीन पायांचा सागवानी स्टँड होता. मी आपलं सहज बोलल्यासारखं सुचवून बघितलं. मामांनी एक डोळा बारीक केला.

"जावईबापू, स्टँड पासपोर्ट फोटोला. लग्न एका जागी उभं राहतं का? लग्न चालतं, आणि मी त्याच्याबरोबर चालतो."

मग मी गाडा करायचं ठरवलं. भंगारातलं लोखंडी अँगल, बाद झालेल्या आठ बेअरिंगची चाकं, वर फळी. अँगलचे रूळ टाकायचे, मामांनी फळीवर बसायचं, कॅमेरा फळीवरच्या खुंटीवर ठेवायचा, आणि मी हळूहळू ढकलायचं. "नव्या पद्धतीचं चालतं शूटिंग," असं मी त्यांना सांगितलं. नवी पद्धत म्हटल्यावर मामा लगेच बसले.

चाचणी स्टुडिओसमोरच्या गल्लीत झाली. ती गल्ली मला सपाट वाटत होती. टूलरूममध्ये जमीन सपाटच असते, त्यामुळे जगातली सगळी जमीन सपाट, हा आमचा धंद्याचा गैरसमज. मी हात सोडला आणि गाडा निघाला. बेअरिंग इतकी सुरेख साफ केली होती की आवाजसुद्धा झाला नाही. रूळ वीस फुटांवर संपले, गाडा संपला नाही. पुढे सायकलवाल्याचं दुकान होतं. पंक्चर बघायच्या पाण्याच्या घमेल्यात मामांचा डावा पाय गेला, फळी तिथंच अडली आणि मामा सायकलवाल्याच्या मांडीवर जाऊन बसले. गंमत म्हणजे एवढ्यातही त्यांनी कॅमेरा बंद केला नव्हता. पुढे ते रीळ मी पाहिलं. त्यात सायकलवाल्याचा चेहरा मोठा मोठा होत जातो, तोंड उघडतं, आणि मग नुसतं आभाळ.

"काहीही म्हणा, चेहरा हलला नाही," मामा धोतराच्या काठासारखी पँट पिळत म्हणाले. बायको मात्र दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

नेमकं त्याच आठवड्यात आमच्या टूलरूममध्ये एक परदेशी मासिक हातोहात फिरत होतं. त्यात एक फोटो होता. एका माणसानं छातीला जाकीट बांधलंय, जाकिटातून स्प्रिंगांचा एक हात बाहेर आलाय, आणि त्या हाताच्या टोकाला कॅमेरा तरंगतोय. खाली लिहिलं होतं की माणूस पळाला तरी चित्र हलत नाही. मी ते पान दुपारच्या सुट्टीत इतका वेळ बघत बसलो की भाजी गार झाली.

फोटो होता, पण मापं नव्हती. मग मी फोटोतल्या माणसाचा कान धरला. म्हणजे कानाचं माप धरलं. बायकोनं माझ्या कानाला व्हर्नियर लावून लांबी घेतली, ती त्या साहेबाच्या कानाची लांबी मानली आणि त्या हिशेबानं अख्खं यंत्र कागदावर उतरवलं.

"आणि त्याचे कान तुमच्यापेक्षा मोठे असले तर?" बायकोनं विचारलं.

"तर यंत्र थोडं लहान होईल."

"आणि त्याचा कान कापलेला असला तर?"

मी पेन्सिलीला टोक काढलं. संशोधकाच्या घरात असली माणसं असतातच.

टूलरूममध्ये खासगी काम करायची एक रीत होती. माल भंगारातला, वेळ शिफ्ट सुटल्यावरची, आणि जे काही कराल ते आधी फोरमनला दाखवायचं. ही रीत चोरी पकडण्यासाठी नव्हती. टूलरूममधून ढिसाळ वस्तू बाहेर गेली तर आपलं नाक कापलं जाईल, ही फोरमनची भीती होती. त्यांनी स्वतः घरासाठी केलेला शेवेचा सोऱ्या आरशासारखा घासलेला होता, आणि त्यातून शेव पडते ती सगळी एका मापाची असते असं ते शपथेवर सांगत.

मी माझी पहिली जोडणी दाखवली. कॅमेरा ज्यावर झुलणार ती दोन कडी, एकात एक बसवलेली, मधे खिळी. फोरमननी बोटानं हलवली आणि तोंड वाकडं केलं.

"खडखडतंय. हे काय टांग्याचं चाक आहे का?"

"मामांच्या कॅमेऱ्यासाठी आहे, साहेब. घरगुती."

"घरगुती असो नाहीतर सरकारी. खिळीला अर्धा थाऊ ढील ठेव, जास्त नको."

इथून यंत्र माझं राहिलं नाही. आमच्याकडे एकानं काही हातात घेतलं की सहाजण मत द्यायला येतात, आणि टूलरूममधला माणूस मत देऊन थांबत नाही, तो करून दाखवतो. ग्राइंडिंगवाल्यानं कडी घासून दिली. भट्टीवाल्यानं खिळ्या पाणी देऊन कडक केल्या. प्रेसच्या बाद झालेल्या साच्यातल्या स्प्रिंगा जोड्या लावून निवडल्या, कारण दोन बाजूंना सारखा ताण हवा. ताडपत्री शिवणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं पिंपरीत जाकीट शिवून दिलं, आणि त्याच्या सवयीप्रमाणे त्याला चारी बाजूंनी दोरी ओवायची भोकंही ठेवली. कॅमेऱ्याचं वजन किलोभर, तो स्थिर राहावा म्हणून खाली वजनं, वजनं तोलायला जाड हात, हात तोलायला जाड जाकीट, असं करत सगळं मिळून अकरा किलो झालं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पण काम असं झालं होतं की काय सांगू! चाचणीसाठी कॅमेऱ्याच्या जागी कपबशी ठेवली, कप काठोकाठ भरला, आणि मी जाकीट घालून लेथच्या रांगेतून चालत गेलो. मग पळत गेलो. मग फोरमननी स्वतः माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. बशीत थेंब पडला नाही. फोरमननी तो चहा उचलून पिऊन टाकला आणि म्हणाले, "आता जाऊ दे बाहेर."

बाहेर जायला गेटपास लागला. गेटवरच्या वॉचमनला पासावरचं 'स्प्रिंगयुक्त पट्टा, एक नग' पटेना. त्यानं पोतं उघडून जाकीट, पट्टे, स्प्रिंगा उलटसुलट बघितल्या, माझ्या कमरेकडे बघितलं आणि त्याचा चेहरा एकदम मऊ झाला.

"आधी सांगायचं ना, राव," तो म्हणाला. "आमच्या मेहुण्याला पण हाच त्रास आहे. जिना चढू नका."

तळेगावात मात्र खरा प्रश्न होता. मामांना हे द्यायचं कसं? आजारी माणसाला काठी दिल्यासारखं झालं असतं तर त्यांनी ते कोपऱ्यात फेकलं असतं. म्हणून मी आधी नुसता फोटो दाखवला.

"मामा, आता तिकडे याच्याशिवाय शूटिंगच करत नाहीत."

मामांनी बराच वेळ पान बघितलं. "ह्याची हनुवटी खाली हवी होती," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "आणलंय का?"

अंगणात मी मामांच्या अंगावर जाकीट चढवलं, मामी पाठीमागून पट्टे आवळायला लागल्या. पहिल्यांदा कॅमेऱ्याऐवजी कपबशीच ठेवली. मामांनी खालची मूठ धरली. मुठीवरचा हात कापत होता, अगदी समोर दिसत होता, आणि वरचा चहा शांत होता. तुळशीपासून विहिरीपर्यंत गेले, परत आले. आम्ही तिघंही त्या हाताकडे बघत होतो आणि आम्ही तिघंही चहाबद्दल बोलत होतो. मामी "दूध उतू जाईल" म्हणून आत गेल्या. चुलीवर दूध नव्हतं.

लग्नाच्या दिवशी मी रजा टाकली. सफारी घातली, खिशात नट आवळायचे दोन पाने आणि एक स्क्रूड्रायव्हर ठेवला, आणि मामांबरोबर पहिल्या बसनं भोसरीकडे निघालो. मुलीचा बाप तिथला जुना शेतकरी. त्याची जमीन कारखान्यांत गेली होती, आता त्याचे तीन टेम्पो कारखान्यांचा माल वाहत होते. पहाडासारखा माणूस, आवाज असा की लाऊडस्पीकर भाड्यानं का आणला असा प्रश्न पडावा. मामांना चिलखत घातलेलं बघून तो थबकला आणि स्वतः खुर्ची घेऊन आला.

"एवढं लागलंय तर घरी ऱ्हायचं व्हतं की, पाव्हणं."

"लागलं नाही. यंत्र आहे हे," मामा ताठ उभे राहून म्हणाले.

"व्हय व्हय. आमच्या भावकीतल्या एकाला बी पुण्याच्या दाक्तरनं आसलंच यंत्र लावलंय. टेम्पोवरून पडला त्यो. बसा तुमी."

तासाभरात मांडवभर झालं की फोटोवाल्याच्या बरगड्या मोडल्यात तरी बिचारा आलाय. बायका हळहळल्या. एका म्हातारबुवांनी हाडं जुळवणाऱ्याचा पत्ता दिला. पण त्याचा फायदाही झाला. फोटोवाल्याला जिथं एरवी कोपर खात उभं राहावं लागतं, तिथं लोक आपोआप वाट देऊ लागले. हळद झाली, वऱ्हाड आलं, नवरदेव चाकणहून जीपमधून उतरला, आणि मामा त्या सगळ्यांतून एखाद्या मिरवणुकीतल्या पालखीसारखे सरकत होते. कॅमेरा तरंगत होता. मी मागून बघत होतो आणि माझी छाती फुगली होती.

मग मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाट धरला, भटजींनी पहिलं कडवं म्हटलं, 'सावधान' झालं, आणि पाचशे माणसांनी अक्षता टाकल्या.

तांदूळ, कुंकवानं ओले केलेले. आम्ही सहाजणांनी दोन महिने डोकी लावली होती. सहाही लग्न झालेले. आमच्यातल्या प्रत्येकाच्या डोक्यात मुंडावळ्यांखालून तांदूळ गेले होते. पण लग्नात तांदूळ उडतात हे एकालाही आठवलं नाही. टूलरूममध्ये काही उडतच नाही ना! बारीक कचरासुद्धा ब्रशनं टिपून घेतात. दोन कड्यांच्या मधली फट अशी होती की तिच्यात तांदूळ बरोब्बर बसत होता, मुद्दाम माप घेऊन ठेवल्यासारखा. आणि अर्ध्या थाऊच्या खिळ्यांत ओलं कुंकू उतरलं, ते तिथंच चिकटून बसलं. दुसऱ्या 'सावधान'ला कॅमेऱ्यानं मान वर केली आणि तो मांडवाच्या झालरीकडे बघत अडकला.

"जावईबापू," मामा ओठ न हलवता म्हणाले.

मी धावलो. भटजी आणि नवरीचा मामा यांच्या मधे गुडघ्यावर बसून मी खालून स्क्रूड्रायव्हर घातला. एक दाणा निघाला की तिसरं 'सावधान' व्हायचं आणि दहा आत जायचे. नवरीच्या मामाला वाटलं हा काहीतरी विधी आहे, त्यानं माझ्याही हातावर अक्षता ठेवल्या. चौथं झालं. मी वर बघितलं. मामांचा चेहरा पांढरा पडला होता. अंतरपाट दूर होतो, माळा पडतात, ते सगळं मिळून पाच-सात सेकंदांचं काम. तेवढ्यासाठी तर लोक 'शिणिमा' काढतात. ते पुन्हा घेता येत नाही, नवरा-नवरीला परत उभं करून माळा घाला म्हणता येत नाही. आणि हे लग्न गेलं की काय होणार हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आम्हाला वाचवलं नवऱ्याच्या आत्यानं. भटजी शेवटचं कडवं घेणार, तोच तिनं पुढे होऊन माइक ताब्यात घेतला आणि स्वतः रचलेलं मंगलाष्टक सुरू केलं. त्यात चाकणची सगळी भावकी होती, चुलते, मावसे, पुतणे, कांद्याच्या आडतीवरचे भागीदारसुद्धा. भटजींनी घड्याळाकडे बघून सुस्कारा सोडला. त्या बाईचे उपकार मी कधी विसरणार नाही.

"पट्टे सोडा," मामा म्हणाले. मी सोडले. मामांनी कॅमेरा खुंटीवरून उचलला आणि बाकीचं ओझं धाडकन खाली आलं. कॅमेरा त्यांनी क्षणभर दोन्ही हातांत धरला. तो इतका हलत होता की बघवेना. मग त्यांनी माझ्या पाठीमागे येऊन माझा खांदा दाबला.

"खाली वाका. अजून. हां. आता हलू नका."

कॅमेरा माझ्या उजव्या खांद्यावर आला, माझ्या कानाला चिकटून. त्यांचे दोन्ही हात वरून दाबलेले.

"मामा, श्वास घेऊ का?"

"हळू घ्या. माळेच्या वेळी घेऊ नका."

आणि मग मला ते जाणवलं. त्यांचा कंप माझ्या खांद्यात उतरत होता, बारीक, सतत, आणि माझ्या अंगात येऊन मुरत होता. इतके दिवस मी ज्याच्यावर उपाय म्हणून स्प्रिंगा निवडत होतो तो हा. मामांची मला कणव आली आणि त्यांच्याबद्दल इतकं प्रेम वाटलं की मी पाय घट्ट रोवून उभा राहिलो. शेवटचं 'सावधान' झालं, ताशे वाजले, अंतरपाट सरकला, कानाशी कॅमेरा करकरला. एक तांदूळ माझ्या नाकपुडीत गेला. मी शिंकलो नाही. माझ्या आयुष्यात मी एवढं अवघड काम दुसरं केलेलं नाही.

त्यानंतर दिवसभर मीच स्टँड. जेवणावळीत, आहेरात, ज्येष्ठ मंडळींच्या पाया पडण्यात, सगळीकडे मी अर्धा वाकून पुढे आणि मामा माझ्या मागे. "डावीकडे, जावईबापू." "गुडघे, जावईबापू." लोकांचं आता निराळंच मत झालं, की जावई बिचारा अधू आहे आणि सासरा त्याला धरून फिरवतोय. एका बाईनं माझ्या पानात दोन बुंदीचे लाडू जास्त वाढले.

संध्याकाळी पाठवणी होती. मामांकडे शेवटचं रीळ राहिलं होतं. जीप तयार, नवरी आईच्या गळ्यात पडून झाली, मावशांच्या पडून झाली, आणि बापापाशी आली. तो पहाड दिवसभर ओरडत होता. आता त्यानं मुलीच्या हातातली पिशवी घेतली, उघडून बघितली, पुन्हा बंद केली, जीपमधे ठेवली, काढली, दुसऱ्या बाजूला ठेवली. मग ड्रायव्हरला म्हणाला, "हळू ने रं. खड्डं हायती."

मी रडणारा माणूस नाही. पण त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की माझ्या पाठीला टेकून उभा असलेला हा माणूसही एकदा असाच उभा राहिला असेल. आमच्या लग्नात आमच्या पाठवणीच्या वेळी मी घड्याळ बघत होतो, कारण दुसऱ्या दिवशी मला पहिली शिफ्ट होती. मामा तेव्हा काय करत होते, पिशवी कुठं ठेवत होते, मी एकदाही बघितलं नव्हतं. मला रडू आलं, आणि मी आवरायला गेलो तसं ते जास्तच आलं. खांदे गदगदायला लागले. कानाशी कॅमेरा चालूच होता. मला थांबता येईना आणि मामांनीही थांबवलं नाही.

रिळं मुंबईहून यायला महिना लागला. त्या महिन्यात मी मामांना तोंड दाखवलं नाही. यंत्र तर माझं नापास झालंच होतं, त्यात शेवटच्या रिळाची मी वाट लावली होती, आणि ती थरथर सगळ्यांना मामांच्या हाताचीच वाटणार होती. कॅमेरा विकला जाणार आणि त्याला कारण मी, हे मला स्वच्छ दिसत होतं. बायकोला मी हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी डब्यात तिनं माझ्या आवडीची भरली वांगी दिली.

दिवेलागणीनंतर मुलीच्या बापाच्या नव्या घराच्या भिंतीवर 'शिणिमा' लागला. निम्मं गाव अंगणात. मामा प्रोजेक्टरपाशी, मी त्यांच्या शेजारी जमिनीवर. हळद दिसली, स्थिर. जीप आली, स्थिर. मग काही वेळ मांडवाची झालर दिसली, तीही स्थिर. आणि अंतरपाट सरकला. नवरा-नवरी अशी उभी होती की जणू भिंतीवरच काढलीत. नीट बघितलं तर चित्र अगदी हळू वर जायचं आणि खाली यायचं. तो माझा श्वास होता. माळेच्या वेळी तोही थांबला. अंगणात बायकांनी कौतुकानं कुजबुजायला सुरुवात केली. जेवणावळ झाली, आहेर झाला, आणि शेवटचं रीळ चढलं.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. बापानं पिशवी घेतली, आणि चित्र हललं. मग जास्त हललं. जीप, मुलगी, बाप, पिशवी, सगळं हिंदकळायला लागलं, आणि रीळ संपेपर्यंत हिंदकळत राहिलं. भिंत पांढरी झाली. मी खाली मान घातली.

"ह्ये बराबर घेतलंय," मुलीचा बाप एकदम म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता. "आमाला तरी तवा कुठं नीट दिसत व्हतं? मला आसंच दिसलं बगा. त्येवढं पुन्यांदा लावा."

मामांनी रीळ परत गुंडाळायला घेतलं. अंधारात ते माझ्याकडे वाकले. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका खुशीत होता.

"जावईबापू, हे मात्र माझे हात नव्हेत हं."

"नाहीत, मामा," मी म्हणालो. "हा मी."

"ते मला तेव्हाच कळलं," मामा म्हणाले, आणि रिळाचं टोक माझ्यापुढे धरलं. टोक अंधारातसुद्धा थरथरताना दिसत होतं, आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. "हे जरा ओवून द्या. मला नाही जमत."